बिल्ला बोर्डावर आहे

शिकणाऱ्यालाच पैसे देणार, हे ऐकलं तेव्हा मी खो खो हसलो होतो. आम्ही अग्निशमन दलात लागलो तेव्हा पहिले सहा महिने फक्त शिव्या मिळायच्या, त्या मात्र पोटभर. पाइप वाकडा गुंडाळला की जुना जवान तो पायाने उलगडून टाकायचा आणि म्हणायचा, कर पुन्हा. आता म्हणे योजना आली. दोन वर्षं शिकाऊ उमेदवार म्हणून यायचं, महिन्याच्या महिन्याला विद्यावेतन घ्यायचं, निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत आमच्या सह्या गोळा करायच्या आणि वही भरली की झालात तुम्ही कायमचे जवान. वा रे वा! आगीलाही एक वही द्या म्हणावं, ती पण सही करेल.

मी साहेबांना तोंडावर विचारलं, "यांच्या आंघोळीचं पाणी कोण तापवणार? का तेही मीच बघू?"

साहेब म्हणजे आमचे केंद्रप्रमुख. सगळ्यांचं हसून ऐकून घेतात आणि करतात स्वतःच्या मनासारखं. म्हणाले, "पाणी नको. शिकवा. तुमच्या हाताखाली एक देतोय."

ती 'एक' म्हणजे ही बाई. सत्तावीस वर्षांची, अंगाने काटकुळी, केस मागे घट्ट बांधलेले आणि निळी वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलेली, जसं काही मीच ती ओढून नेणार होतो.

"आधी काय करायचीस?"

"पोहण्याच्या तलावावर होते, सर. चपला सांभाळायला."

"चपला?"

"हो. टोकन द्यायचं आणि चपला ठेवून घ्यायच्या."

"मग तिथलं सुख सोडून इथे कशाला तडफडायला आलीस?"

"तिथे पुढचं काही शिकवत नव्हते, सर."

मला सर म्हणू नकोस, मी काय शाळामास्तर आहे का, असं मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं. केंद्रात मला सगळे दादा म्हणतात. पाठीमागे भोंगा म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. माझा आवाज आहेच तसा, मी काय करू? पण ही सर म्हणायची ती म्हणायचीच. मग मीही तिचं नाव ठेवलं, पगारी पाहुणी. दोन दिवसांत अख्खं केंद्र तिला पाहुणी म्हणायला लागलं. त्या नावानेही हाक मारली की यायची, काम करायची आणि संध्याकाळी वही पुढे करायची.

वहीत बावीस कामं होती. शिडी, पाइप, पंप, दोर, माणूस खांद्यावर घेऊन उतरणं, असली. खोटं कशाला बोलू, पोरगी कामाला वाघ होती. शिडीवर माझ्यापेक्षा भराभर चढायची. म्हणून तर जास्त राग यायचा. चुकली असती तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो. पावणेदोन वर्षांत मी नाक मुरडत मुरडत एकवीस सह्या केल्या. राहिलं बाविसावं काम, बोर्ड.

बोर्ड म्हणजे काय, तर धुरात शिरताना आम्ही पाठीवर हवेचं सिलिंडर बांधतो, तोंडावर मास्क लावतो. त्या सिलिंडरला एक पिवळा बिल्ला असतो, त्यावर आपलं नाव. आत जाताना तो काढून बाहेर बोर्डवाल्याकडे द्यायचा. तो बिल्ला बोर्डाच्या खाचेत लावतो आणि शेजारी लिहितो, किती वाजता गेला, काट्यावर हवा किती होती, किती वाजता संपेल. बाहेर आलं की आपल्या हाताने आपला बिल्ला काढून घ्यायचा. बिल्ला बोर्डावर आहे म्हणजे माणूस आत आहे. एवढंच. यात शिकण्यासारखं काय डोंबल आहे?

आणि नियम कागदावर. आमच्यात तीस वर्षं काय चालायचं, ते सांगतो. बाहेर आलं की मास्क ओरबाडून काढायचा, पाण्याची बाटली तोंडाला लावायची आणि मोकळ्या हवेत जाऊन पडायचं. बिल्ला कोण घेत बसतो! आग विझली की ड्रायव्हर बोर्डावरचे उरलेले बिल्ले खिशात टाकायचा आणि केंद्रावर पोचल्यावर पत्ते वाटल्यासारखे वाटायचा. कुणाचं काही अडलं नव्हतं.

पाहुणीचं अडलं. धुराच्या खोलीत सराव होता. मी आणि लंबू आत गेलो होतो. लंबू म्हणजे माझा जोडीदार, सहा फुटांच्या वर आणि स्वभावाने गाय. आम्ही दोघं बाहेर आलो, मी माझा बिल्ला घेतला, लंबू घाईत निघून गेला. तिने बोर्ड सोडलाच नाही.

"अगं, संपलं. गुंडाळ."

"एक बिल्ला बोर्डावर आहे, सर."

"लंबू आलाय बाहेर. माझ्यासमोर आलाय. मी सांगतोय ना!"

"मग त्यांना येऊन घेऊ दे."

"तो संडासला गेलाय!"

"मी थांबते."

म्हणजे मी, तीस वर्षं नोकरी झालेला जवान, संडासाच्या दारावर धपाधप हात मारून लंबूला बाहेर बोलावतोय आणि सगळं केंद्र पोट धरून हसतंय. लंबू पट्टा सावरत आला, बिल्ला घेतला, तेव्हा कुठे बाईसाहेबांनी बोर्ड पुसला. मी लाल पेन घेतलं आणि वहीत शेरा मारला, 'पुन्हा. सांगितलेलं ऐकत नाही. बोर्ड सांभाळण्याची समज कमी.' असे तीन शेरे मारले, तीन वेगवेगळ्या तारखांना. तिन्ही वेळा तिचं एकच पालुपद, बिल्ला बोर्डावर आहे.

घरी जेवताना मी हे सगळं रंगवून सांगितलं. वाटलं होतं आमची ही तरी माझ्या बाजूने हसेल. तर ती ताटात बघत म्हणाली, "अहो, पण बरोबरच आहे की तिचं."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला कसं कळणार? मी आपली इतकी वर्षं दाराकडे बघत बसते. तुम्ही आत आहात की बाहेर, हे मला तरी कुणी लिहून ठेवत होतं का?"

मी विषय बदलला. बायकांच्या तोंडी कोण लागणार!

दोन वर्षं संपायला दहा दिवस उरले होते. एकवीस सह्या झाल्या होत्या, बाविसावी नव्हती. तारखेच्या आत वही भरली नाही तर उमेदवार घरी, आणि तिच्या वयाला पुन्हा अर्ज करता येत नव्हता. हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. रोज संध्याकाळी ती वही पुढे करायची आणि मी म्हणायचो, "बघू." मला ते 'बघू' म्हणायला आवडायचं. लाज वाटते, पण आवडायचं.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता गाद्यांच्या कारखान्यातून फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा खिडक्यांमधून काळा धूर लोटत होता. गादीतला फोम जळतो ना, त्याचा धूर जाड असतो, हाताला लागेल असा. कामगार सगळे बाहेर आले होते, मालकाने डोकी मोजून सांगितलं. साहेब स्वतः हजर होते. त्यांनी बोर्ड पाहुणीकडे दिला. मी म्हणालो, "साहेब, हिला नका देऊ, ही बाहेरच्या माणसालाही आत ठरवते." साहेब हसले आणि बोर्ड तिच्याकडेच ठेवला.

मी बिल्ला तिच्या अंगावर फेकला. तिने हवेतच झेलला.

"काटा किती आहे, सर?"

"डोळे आहेत ना तुला? बघ."

तिने पुढे वाकून बघितला, लिहिला आणि म्हणाली, "अठ्ठावीस मिनिटं."

मी आणि लंबू पाइप घेऊन आत रांगलो. दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या, छताला टेकतील इतक्या उंच, आणि त्यावर गाद्याच गाद्या. आग कोपऱ्यात होती. पाणी मारून ती दबायला लागली, पण धूर काही हटेना. आणि खांद्यावरच्या वॉकीटॉकीवर दर पाच मिनिटांनी ही, "सर, काटा सांगा. सर, काटा सांगा." अरे, इथे माणूस आग विझवतोय की भाजीचा भाव सांगतोय! तिसऱ्या वेळी मी बटण फिरवून वॉकीटॉकी बंद करून टाकला.

मग लंबूला म्हटलं, "तू पाइप धरून धरून पुढच्या दाराने जा. मी मागचं दार बघून येतो."

"दादा, बरोबरच जाऊ. जोडीने आलोय, तर..."

"निघ रे! आता तू मला शिकव."

गाय ती, निघाली. मी भिंतीला हात लावत मागचं दार गाठलं, उघडलं, बाहेर आलो आणि आगीला वारा लागू नये म्हणून दार पुन्हा ओढून घेतलं. बघा, तेवढा नियम पाळला. मागे मोकळं अंगण होतं आणि त्याच्या टोकाला रखवालदाराची खोली. मास्क काढला, तेव्हा काय बरं वाटलं म्हणून सांगू! रखवालदार म्हणाला, "या साहेब, बसा. चहा घेता?" मला कुणी साहेब म्हणत नाही. मी बसलो.

आणि त्या खोलीत, पंख्याखाली, खुर्चीवर बसून, हातात चहाचा कप घेऊन मी त्या रखवालदाराला काय सांगत होतो? तर आजकालच्या या पगारी शिकाऊ लोकांना जीव धोक्यात घालणं म्हणजे काय ते ठाऊकच नाही. सगळं आयतं. तो मान डोलवत होता. मी अजून एक कप घेतला.

मग बंबाचा भोंगा वाजला. लांब, तीनदा. ती खूण आमच्यात एकाच गोष्टीसाठी असते, आपलं माणूस आत अडकलंय. मी उठलो आणि कप हातात तसाच धरून इमारतीला वळसा घालून पुढे धावलो. लंबूला काही झालं असेल, माझ्या मनात एवढंच आलं. मूर्ख कुठला, पाइप सोडला असणार.

पुढे बोर्डापाशी ड्रायव्हर उभा होता, चेहरा पांढराफटक. पाहुणी नव्हती.

"काय रे? आत कोण अडकलंय?"

ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या कपाकडे बघितलं.

"तुम्ही," तो म्हणाला.

नंतर कळलं, ते असं. लंबू बाहेर आला, त्याने बिल्ला घेतला. तिने विचारलं, सर कुठे? तो म्हणाला, मागून गेले असतील. 'असतील' तिला चालत नव्हतं. तिने वॉकीटॉकीवर सहा वेळा हाक मारली. एका कामगाराला मागे पिटाळलं. तो बघून आला की दार बंद आहे, अंगणात कुणी नाही. खोलीत डोकावायचं त्याच्या डोक्यात आलं नाही, आणि यायचं कारणही नव्हतं. आग लागलेली असताना जवान खोलीत चहा पीत बसला असेल, असं कुणाला सुचेल? माझी हवा संपायला चार मिनिटं राहिली होती. साहेबांनी तिला विचारलं, "आत आहे याची खात्री आहे?" ती म्हणाली, "बिल्ला बोर्डावर आहे." साहेबांनी आत जायला हो म्हटलं. तिने बोर्ड ड्रायव्हरच्या हातात दिला, सगळे आकडे त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतले, आपला बिल्ला आणि लंबूचा बिल्ला खाचेत लावला आणि नवी सिलिंडरं घेऊन दोघं आत गेली. मला शोधायला.

मी वॉकीटॉकीचं बटण फिरवलं. आतून तिचा आवाज आला, मास्कमधून घोगरा झालेला. "दादा, आवाज द्या. दादा, कुठे आहात? भिंतीवर काहीतरी आपटा, दादा."

दोन वर्षांत तिने मला दादा म्हटलं नव्हतं.

मी बटण दाबलं आणि म्हणालो, "मी बाहेर आहे."

मग ती म्हणाली, "समजलं. आम्ही परत फिरतोय." शिवी नाही, काही नाही. आणि तेवढ्यात आत मोठा आवाज झाला. मांडणी कोसळली होती. ती दोघं अगदी मागच्या टोकापर्यंत गेली होती, कारण मी तिथेच असणार होतो.

लंबूने तिला ओढत बाहेर आणलं. डावा खांदा मोडला होता आणि हातमोजा व बाहीच्या मधला मनगटाचा भाग भाजला होता. तिला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तिचे दात वाजत होते. मी पुढे झालो. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ती बोर्डाकडे बघत होती.

"तो घ्या," ती म्हणाली.

माझा बिल्ला. मी पुढे जाऊन तो काढला. दुसऱ्या हातात अजून कप होता. तो कप खाली ठेवायचंसुद्धा मला सुचलं नव्हतं, आणि तिथे उभ्या असलेल्या एकूण एक माणसाने तो बघितला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं आणि दार लावलं. समोर तिची निळी वही होती.

"वर अहवाल पाठवायचाय," ते म्हणाले. "शिकाऊ उमेदवार आत कशी गेली, हे मलाही विचारतील. मी हो म्हटलं होतं." मग थोडं पुढे झुकले. "तुमचे आठ महिने राहिलेत. शेवटी शेवटी कशाला डाग? हे बघा, तुम्ही बाहेर आलात, ओरडून सांगितलंत, तिने ऐकलं नाही. बोर्डावर बदल केला नाही. असं झालं असू शकतं ना?"

"रखवालदाराने बघितलंय मला."

"त्याला कोण विचारतंय? आणि वहीत तुम्हीच लिहिलंय की." त्यांनी पान उघडलं आणि माझं लाल अक्षर मलाच वाचून दाखवलं. "'सांगितलेलं ऐकत नाही. बोर्ड सांभाळण्याची समज कमी.' एकदा नाही, तीनदा. बिचारी चांगली आहे, पण शिकाऊच आहे ना. आणि दोन वर्षं पगार घेतलाच की तिने, फुकट थोडीच गेलीत?"

ते माझंच वाक्य होतं. केंद्रात मी ते शंभरदा तरी बोललो असेन. साहेबांच्या तोंडून ते इतकं घाण वाटलं की मला तोंड धुवावंसं वाटलं. पण मी लगेच नाही म्हणालो, असं समजू नका. मी म्हणालो, "उद्या सकाळपर्यंत सांगतो." म्हणजे बघा, किती थोर माणूस मी.

तिथून दवाखान्यात गेलो. खरं सांगतो, माफी मागायला नव्हतो गेलो. ती माझ्यावर ओरडते का, ते बघायला गेलो होतो. ओरडली असती, तर माझं काम सोपं झालं असतं. उद्धट पोरगी म्हणून खुशाल तिच्या नावावर ढकललं असतं. ती उशीला टेकून बसली होती, खांदा बांधलेला. शेजारी तिची आई होती. आई उठली आणि तिने मला बसायला स्टूल दिलं. "हेच का तुझे सर?" म्हणाली. म्हणजे घरी तिने काहीच सांगितलं नव्हतं.

आई पाणी आणायला गेली, तसं मी म्हणालो, "कशाला शिरलीस? लंबू म्हणाला होता ना, मागून गेले असतील म्हणून?"

"तलावावर असताना एकदा बंद व्हायच्या वेळी एक जोड उरला होता," ती म्हणाली. "निळ्या पट्ट्यांच्या चपला. मी सांगितलं, कुणीतरी राहिलंय. सगळे हसले. म्हणाले, अनवाणी गेला असेल, नाहीतर दुसऱ्याच्या घालून गेला असेल. मोठी माणसं होती, मी नवीन होते. मी कुलूप लावलं."

मी स्टूल पुढे ओढलं.

"सकाळी पाणी स्वच्छ असतं," ती म्हणाली. "तळ दिसतो."

मग तिने उजव्या हाताने पांघरूण सारखं केलं आणि विचारलं, "वहीचं काय होणार, सर?" पुन्हा सर. "नऊ दिवस राहिलेत. एका हाताने बोर्ड सांभाळता येतो. मी करून दाखवेन. तुम्ही फक्त परीक्षा घ्या."

मी तिथून उठलो तो सरळ केंद्रावर गेलो. सकाळची वाट बघितली असती तर माझा मलाच भरवसा नव्हता. साहेबांच्या टेबलापाशी बसून लिहून काढलं, वॉकीटॉकी मी बंद केला, जोडीदाराला मी सोडलं, बिल्ला मी घेतला नाही आणि त्या वेळी मी रखवालदाराच्या खोलीत दुसरा कप चहा पीत होतो. साहेब म्हणाले, "चहाचं कशाला लिहिता?" मी म्हणालो, "असू दे. वरच्या लोकांना हसायला काहीतरी हवं." मग निळी वही ओढली, लाल पेन घेतलं आणि तिन्ही शेऱ्यांवर आडवी रेघ मारून खाली लिहिलं, 'वरील शेरे चुकीचे आहेत. बोर्डाची समज लिहिणाऱ्याला नव्हती. उमेदवार उत्तीर्ण.' सही केली. ती शाळेतल्या पोरासारखी वाकडी आली.

मला वरून पत्र आलं. पगार एक पायरी खाली, धुरात जायला बंदी आणि उरलेले महिने भांडारात, पाइपांची मोजदाद करत. लंबूला ताकीद मिळाली, माझ्यामुळे. साहेबांना काही झालं नाही. साहेबांना कधीच काही होत नाही. आमची ही पत्र वाचून म्हणाली, "बरं झालं. आता तरी कळेल कुठे असता ते." आणि मग आत जाऊन बराच वेळ नाक पुसत राहिली.

पाहुणीचा खांदा तीन महिन्यांनी जुळला. हात डोक्याच्या वर जाताना अजून अडखळतो, पण डॉक्टरांनी पास केलं आणि ती कायम झाली. आल्या आल्या तिने केंद्राच्या दारात भिंतीवर एक मोठा बोर्ड लावायला लावला. कामावर आलं की बिल्ला लावायचा, जाताना काढायचा, साहेबांपासून भांडारवाल्यापर्यंत सगळ्यांनी. ड्रायव्हरच्या खिशातली वाटपं बंद. मी पहिल्या दिवशी कुरकुर केली की पाइप मोजणाऱ्याला कसला आलाय बिल्ला? ती नुसती उभी राहिली. मी लावला.

माझा शेवटचा दिवस व्हायचा तसा झाला. साहेब माझ्या तीस वर्षांच्या सेवेबद्दल बोलले, त्यातलं अर्धं खोटं होतं. भिंतीवर लावायचं घड्याळ भेट दिलं, लंबू रडला. मी घड्याळ काखेत मारून घरी आलो, कपडे बदलले आणि खुर्चीत बसलो. संध्याकाळी सातला फोन वाजला.

"दादा, बिल्ला बोर्डावर आहे."

"राहू दे गं. आता मी कुठे येणार आहे? ठेव आठवण म्हणून."

"आठवण नाही. बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे."

"अगं बये, मी घरी खुर्चीत बसलोय! तू फोनवर बोलतेयस माझ्याशी!"

"माझी ड्युटी सहाला संपली," ती म्हणाली. "मी थांबते."

मी तिला, तिच्या योजनेला, तिच्या बोर्डाला, सगळ्यांना मोठ्याने शिव्या घातल्या. आमच्या हिने चपला आणून माझ्या पायापाशी ठेवल्या आणि म्हणाली, "जा. ती बसून राहील."

पाऊण तास लागला मला. ती दारातच स्टुलावर बसली होती, डबा, पिशवी, सगळं आवरून. बोर्डावरची दिवसपाळीची रांग पूर्ण रिकामी होती, तिच्यात फक्त एक पिवळा बिल्ला होता. मी तो माझ्या हाताने काढला. ती उठली, खडू घेतला, भिंतीवरच्या घड्याळात बघितलं आणि माझ्या नावापुढे वेळ लिहिली. ती लिहीपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.